कप्तानाच्या नावाची सामुद्रधुनी

नकाशावाला आला तेव्हा जेपिटीला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. जेपिटी माझा जावई. मार्चमध्ये पलीकडच्या बेटावर कॅरिबू हरणं मारायला निघाला आणि सामुद्रधुनीतलं बर्फ फुटून बर्फावरच्या मोटरगाडीसकट खाली गेला. मागून गेलेल्यांना नुसतं भोक दिसलं. मला रडू आलं नाही. मी चहा प्यायचो, सील सोलायचो, झोपायचो. आत काही लागतच नव्हतं.

नकाशावाला हॉवर्ड, खाली दक्षिणेच्या शहरांतला गोरा. भला माणूस. समुद्रावरची आमची जुनी नावं गोळा करत गावोगाव फिरत होता. दुभाषी म्हणून माझी मुलगी उलायुक बसली. तू कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाली, घरात बसून तरी काय करू. तिला माझ्या आईचं नाव दिलंय, म्हणून मी तिला आई म्हणतो आणि ती मला पोरा म्हणते. आमच्यात नाव ज्याचं, नातं त्याचं.

हॉवर्डने जमिनीवर नकाशा पसरला. त्यावर सगळी नावं कप्तानांची, सरदारांची आणि त्यांच्या बायकांची. दीडशे वर्षांपूर्वी यांची गलबतं चीनचा रस्ता शोधत आली. काही बर्फात अडकून बुडाली, उरलेली जाता जाता दिसेल त्याला नाव देऊन परत गेली. मी आमची नावं सांगत गेलो. वॉलरस चढतात तो खडक. वारा मागे फिरतो ते टोक. एकाची विजार गोठली ती खाडी. हॉवर्ड हसला. उलायुक लिहीत राहिली.

चाळीसेक नावं झाली. एक मी मुद्दाम गाळलं. ते सांगितलं असतं तर मला सगळं माहीत होतं हे तिला कळलं असतं.

जेपिटी बुडाला त्या सामुद्रधुनीवरच तिने बोट ठेवलं. "पोरा, हे राहिलं."

"त्याला नाव आहे की."

"ते कप्तानाचं. तो उन्हाळ्यात आलेला. आपलं कुठलं?"

हॉवर्ड पेन्सिल धरून बसला होता. शेवटी मी म्हणालो, "खालून खाल्लेली."

त्या अरुंद जागेतून भरतीचं पाणी जोरात धावतं आणि बर्फ खालून कुरतडतं. वरून ते पांढरंशुभ्र, जाडजूड दिसतं. माझ्या पणजोबांच्याही आधीचं नाव आहे ते.

उलायुकने भाषांतर केलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" जन्मात पहिल्यांदा तिने मला बाबा म्हटलं.

"होतं."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"सांगितलं. म्हटलं, मी असतो तर डोंगराकडून वळसा घालून गेलो असतो."

आमच्यात मोठ्या माणसाला जाऊ नको असं कोणी म्हणत नाही. तो काय कुकुलं बाळ आहे? शहाण्याला शब्दाचा मार. माझ्या वडिलांना कोणी एवढं म्हटलं असतं तर त्यांनी गाडीला जुंपलेली कुत्री तिथल्या तिथे वळवली असती. पण जेपिटी सहाव्या वर्षी दक्षिणेच्या वसतिशाळेत गेला तो सोळाव्या वर्षी परतला. त्याला काहीही सरळ तोंडावर सांगावं लागायचं. चार वर्षं तो माझ्या घरात जेवला, मला हे कळायला हवं होतं. तो हसून म्हणाला होता, तुम्हाला या वयात लांबचाच रस्ता बरा, सासरेबुवा. मग गाडी सुरू केली. मी हात हलवला.

"त्याला वाटलं तुम्ही स्वतःबद्दलच बोलताय," उलायुक म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

काय झालं, हॉवर्ड विचारत होता. तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. आमच्या लिपीत ते नाव लिहिलं आणि खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एक ओळ. वसतिशाळेतून आलेल्या पोरांना इंग्रजीच वाचता येतं.

"अर्थ लिहिलास?" मी विचारलं.

"नाही. हिवाळ्यात इथून जाऊ नका, असं लिहिलं."

नकाशावर असं काही लिहीत नाहीत, हॉवर्ड तिला हळूच म्हणाला.

"आमच्यातही असं बोलत नाहीत," ती म्हणाली आणि तीच अक्षरं पुन्हा जोर देऊन गिरवू लागली.