आठ ते दहाचा पहारा

सावळीराम आबांच्या गळ्यात वीणा होती, मंदिरातल्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि धनराजचा पत्ता नव्हता.

दत्तजयंतीच्या सप्ताहाचा पाचवा दिवस. मखमलाबादच्या पुढे मळ्यामळ्यांत विखुरलेली ती वस्ती, पण सप्ताह म्हटला की तिथला एकही उंबरा मागे राहायचा नाही. सात दिवस, सात रात्री वीणा गळ्यातून उतरवून खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे. पुढचा माणूस आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. तो आला नाही तर आधीच्याने उभंच राहायचं. आबांना या रिवाजाचं केवढं कौतुक! चांदवडपर्यंत कुठंही कीर्तन असो, आबा पुढच्या रांगेत. आणि बुवांनी वीणेचा महिमा सांगायला घेतला की डोळे पुसायला उपरण्याचं टोक हातात तयार.

आज मात्र त्यांचं लक्ष नामावर ठरत नव्हतं. मुखाने 'दिगंबरा' चालू होतं आणि डोळे दारावर होते.

नात वेदिका गणवेशात दारात उभी होती. नववीतली पोर, दोन वेण्या, छातीशी कागदांची गुंडाळी.

"आबा, निघायला हवं."

"येईल गं. धनराजच तो, पाच मिनिटं इकडं तिकडं."

गंगापूर रोडला सिस्टरांच्या शाळेत ती जायची. त्या शाळेत प्रत्येक मुलाला एक क्लब घ्यावा लागे, आणि क्लबाचे नियम डायरीत पहिल्याच पानावर छापलेले. तीन सभा चुकल्या तर बाहेरच्या स्पर्धेला नाव जात नाही. कारण खरं असेल, तर ओळखपत्रावर नाव असलेल्या पालकाने शनिवारी साडेआठ ते नऊ या वेळेत स्वतः यायचं आणि क्लबाच्या वहीत सही करायची. चिठ्ठी चालत नाही, फोन चालत नाही.

वेदिका वक्तृत्व क्लबात होती. विभागाच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती आणि स्पर्धा आजच होती. बस सव्वानऊला सुटायची. तिच्या तीन गैरहजेऱ्यांपैकी एक तापाची. उरलेल्या दोन आबांच्या. दोन्ही शनिवारी त्यांनीच तिला टाळ धरायला कीर्तनाला नेलं होतं. "शाळा काय, रोज हाय," असं म्हणून.

सून प्रतिभा पेठला आश्रमशाळेत शिकवायची, ती दुपारी येणार. मुलगा शेखर ओझरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, फोन फाटकावर जमा. ओळखपत्रावर तिसरं नाव आबांचं. "मी येतो ना," ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.

पण आज त्यांचा पहारा होता आठ ते दहाचा. म्हणून काल संध्याकाळी त्यांनी सहा ते आठवाल्या धनराजला गाठलं आणि म्हटलं, "तुझा सकाळचा पहारा मी घेतो." त्याच्या बदल्यात माझा तू घे, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. सेवेत असली देवघेव बोलून दाखवायची म्हणजे कसंसंच वाटतं. समजून घेईल, एवढं न समजायला तो काय परका आहे?

वेदिकाने धनराजला फोन लावला आणि आबांच्या कानाला धरला.

"आबा? मी फुलबाजारात हाय की. शेवंती आणलीय."

"अरे, तुझा पहारा..."

"तुम्हीच म्हणले ना, तुझा मी घेतो? मला वाटलं, आबा आज चार तास उभे राहतेत. म्हटलं, लय मोठी सेवा! येतो मी, पण अर्धा-पाऊण तास तर लागंलच."

आबांनी मानेनेच फोन बंद करायची खूण केली.

खांबाला टेकून बसलेली साळूबाई सगळं ऐकत होती. तिच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. "काकडा झाला की सगळे फुलं खुडाय पळाले," ती म्हणाली. "देव एकटा आन् तू दुकटा."

"मी घेते वीणा," वेदिका म्हणाली. "तुम्ही जाऊन सही करा."

"आन् बसमधी कोण बसंल, मी?"

यावर तिला हसू आलं नाही. ती माणूस शोधायला धावली. आबांना तिच्या बुटांचा आवाज बांधापर्यंत ऐकू आला. घड्याळ सव्वाआठ दाखवत होतं.

ती परतली तेव्हा मागे शेजारच्या मळ्यातला वाळू होता, पायांना शेण लागलेलं.

"माझी अंघोळ नाय झाली, आबा. गोठ्यातून सरळ आलो."

"मग कर ना बाबा, पळ!"

वाळू पळाला. साळूबाई हळूच म्हणाली, "सावळीराम, पाटावर ठेव घडीभर. पोरीचं काम हाय. देवाला कळत नाय का?"

समोर पाट होता, त्यावर धुतलेलं वस्त्र. आबांनी वीणेचा पट्टा धरला, मान खाली घातली. पट्टा कानापर्यंत आला. पाच दिवसांत किती गळ्यांतून ही वीणा इथवर आली होती! तापात उभे राहिलेले, पाय सुजलेले, रात्री दोनला थंडीत कुडकुडणारे. त्यांनी वर पाहिलं. वेदिका त्यांच्याकडेच बघत होती. त्यांच्या नजरेला नजर मिळताच तिने मान वळवली आणि दाराबाहेर पाहू लागली. 'ठेवा' म्हणाली असती तर त्यांनी ठेवली असती. 'नको' म्हणाली असती तर निदान तिचा आधार झाला असता.

पट्टा पुन्हा खांद्यावर गेला.

आठ चाळीसला वाळू आला, केसांतून पाणी गळत. पाया पडणं झालं, वीणा गेली आणि आबांना गळा एकदम रिकामा वाटला. ॲक्टिव्हावर मागे वेदिका. रामवाडीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. मागे तिने दोनदा मोबाईल काढून वेळ पाहिली. ते त्यांना आरशात दिसलं.

नऊ वाजून आठ मिनिटं. बस अंगणातच उभी होती आणि सिस्टर बेनेडिक्टा वही मिटून पायरीवर उभ्या होत्या.

"वेदिका, मी नऊपर्यंत दारात थांबले गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या जागी पूजाचं नाव पाठवलं. नऊ वाजता त्यांची यादी बंद होते."

"सिस्टर, चूक माझी हाय," आबा हात जोडून म्हणाले. "पोरीची नाय. लिहून देतो. तुम्ही म्हणाल तिथं सही करतो." आणि त्यांनी वीणेचं सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढे करत.

सिस्टरांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "आजोबा, मी वसईची. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री आम्हीही वेदीपुढे तास वाटून घेतो. पुढचा आल्याशिवाय आमच्यातही कोणी उठत नाही. तुम्ही ठेवली नाहीत, ते मला कळतं." त्यांनी मिटलेल्या वहीवर हात ठेवला. "पण यादी माझ्या हातात राहिली नाही आता."

त्या रागावल्या असत्या तर आबा भांडले असते. इथे भांडायला समोर कोणी नव्हतंच.

बसच्या खिडकीत पूजा रडकुंडीला आली होती. "मला अर्धंच पाठ आहे गं!"

वेदिकाने कागदांची गुंडाळी वर दिली. "तिसऱ्या मुद्द्याआधी थांब. श्वास घे. लोक आपोआप गप्प होतात."

ती युक्ती आबांनी तिला चांदवडच्या कीर्तनात दाखवली होती. बुवा थांबले की सभा कशी थांबते, ते.

बस गेली. अंगणात धूळ राहिली.

"रागावलीस का?" आबांनी विचारलं.

"नाही."

"रागव की. रागव माझ्यावर."

"तुम्ही तरी काय करणार होता, आबा?" ती म्हणाली. तिने दप्तराचा पट्टा सारखा केला. "जा तुम्ही. स्पर्धेला नाही गेलं की वर्गात बसावं लागतं."

ती जिना चढून गेली. रखवालदाराने दोनदा सांगितलं की बाबा, इथं थांबता येत नाही, तेव्हा आबा फाटकाबाहेर येऊन गाडीपाशी उभे राहिले. वर पहिल्या तासाआधीची प्रार्थना सुरू झाली. साठेक मुलं एका सुरात गात होती. शंभर टाळांतून नातीचा टाळ ओळखतो म्हणून गावभर सांगणारे आबा मान वर करून ऐकत राहिले. त्यात वेदिकाचा आवाज कुठला, की ती गातच नाहीये, हे काही त्यांना समजेना. प्रार्थना संपली आणि वरची खिडकी कोणीतरी लावून घेतली.