शेपूट येईपर्यंत

दुपारी सव्वाचारला भाऊजी घाटमाथ्यावरच्या फाट्यावर थांबले. मोटरसायकल साइड स्टँडवर लावली, हेल्मेटची काच वर केली आणि चमकत्या पट्ट्यांच्या जाकिटातला डावा हात लांब करून उभे राहिले. डावीकडचा कच्चा रस्ता खाली डोंगरी लोकांच्या वस्तीकडे जात होता, उजवीकडचा खिंड ओलांडून पलीकडे. गाईड नुकताच डावीकडे वळला होता. त्याच्या पाठोपाठ भाऊजी होते, त्यामुळे फाटा सांभाळायची पाळी त्यांची होती.

सहलीचा हा मुख्य नियम. डोंगरात मोबाइल चालत नाही, पाट्या नाहीत. म्हणून प्रत्येक फाट्यावर गाईडच्या मागचा माणूस थांबतो, मागून येणाऱ्यांना वाट दाखवतो आणि सगळ्यात शेवटी चालणारा मेकॅनिक आल्यावरच निघतो. या मेकॅनिकला सहलीत शेपूट म्हणतात. शेपूट मुक्कामी पोचलं, म्हणजे मागे कोणी राहिलं नाही. गाईडही मग डोकी मोजत बसत नाही.

भाऊजी तसे एकाचेच भाऊजी. मेहुण्याचं फरशांचं दुकान होतं. तो, त्याचा कंत्राटदार मित्र आणि दातांचा डॉक्टर असे तिघे दरवर्षी कुठे ना कुठे गाड्या घेऊन जात. या वर्षी बहिणीने नवऱ्यालाही त्यांच्या गळ्यात घातलं. भाऊजी कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झाले होते. "घरात बसून माझ्या गॅसची नळी तपासतात," ती भावाला म्हणाली. "चार दिवस घेऊन जा बाबा. पण सोडू नकोस हं त्यांना कुठे." दोन दिवसांत सगळेच त्यांना भाऊजी म्हणू लागले, गाईडसुद्धा.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने एक फाटा सोडला होता. कड्यावर उभं राहून फोटो काढायचे होते म्हणून पुढे निघून गेला. मागून आलेला डॉक्टर आणि मेकॅनिक भलत्याच रस्त्याने नदीपात्रात उतरले आणि तासभर दगडांत अडकले. संध्याकाळी जेवताना भाऊजींनी विषय काढला.

"कारखान्यात असं केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नसतं तुम्हाला."

"मी कारखान्यात नाही ना पण, भाऊजी."

"म्हणून वाचलात."

डॉक्टर हसला. मेकॅनिकही हसला. कंत्राटदाराला साइटवर दीडशे माणसं साहेब म्हणत. मेकॅनिकचं हसणं त्याला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर भाऊजी आणि गाईड टायरची हवा बघत होते. डॉक्टर आत जेवण सांगायला गेला होता. बाकीचे बाकावर होते. कंत्राटदाराने मेकॅनिकला विचारलं, "वस्तीला जायला फाट्याआधी ओढ्यातून पण वाट आहे ना?"

"आहे. वाईट आहे. पण जाते."

"मग आज आपण दोघं तिकडून जाऊ."

"आणि फाट्यावर जो उभा राहील तो?"

"तेच तर बघायचंय."

मेकॅनिकने मेहुण्याकडे बघितलं. भाऊजी त्याच्या घरचे होते. तो नाही म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता.

"राहतील उभे," मेहुणा म्हणाला. "आमचे भाऊजी आहेत ते. लग्नात फोटोवाला येईपर्यंत माळ हातात धरून उभे होते. अर्धा तास."

"अर्धाच तास ठेवू," कंत्राटदार म्हणाला. "मग शेपूट जाईल आणायला. काय रे?"

"तुम्ही म्हणाल तसं."

जेवणानंतर कंत्राटदाराने आणि मेहुण्याने आग्रहाने भाऊजींना गाईडच्या मागे लावलं. रस्ता चांगला आहे, पुढे राहा, धूळ लागणार नाही. भाऊजींना बरं वाटलं. एवढ्या आपुलकीने दोघे त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

फाट्यावर आधी डॉक्टर आला. भाऊजींनी हाताने डावीकडे दाखवलं. मग मेहुणा आला. त्याने वेग कमी केला.

"दमलात का?"

"छे. मागे किती अंतर आहे?"

"येताहेत. उभे राहा."

वस्तीवर गाईडची गडबड चालली होती. या वस्तीतल्या बायका एरवी बाजारातले साधे कपडे घालतात. गाड्यांचा आवाज घाटात घुमला की पेटीतले जुने भरजरी कपडे काढून अंगणात येतात आणि नाचाच्या दोन ओळी धरतात. पाहुणे खुर्च्यांवर बसेपर्यंत नाच सुरू होत नाही आणि सुरू झाला की कोणी उठायचं नाही, असं गाईडने ठरवून दिलं होतं. मागच्या वर्षी एक जण अर्ध्यातून उठून गेला, तेव्हा मुखियाने पुढचे दोन गट गावात घेतले नव्हते.

ओढ्याच्या बाजूने कंत्राटदार आणि मेकॅनिक चिखलाने माखून आले. गाईड खुर्च्या मांडत होता. मेकॅनिकच्या गाडीला हत्यारांच्या पेट्या होत्या, तिचा खडखडाट ओळखून त्याने मान वर न करता विचारलं, "आले ना सगळे?"

"शेपूट आलं की अजून कोण यायचं असतं?" कंत्राटदार म्हणाला.

मेकॅनिकने पेट्या सोडायला घेतल्या.

चहा आला. डॉक्टरला आता सांगितलं गेलं. तो आधी हसला, मग घड्याळ बघू लागला. समोरच्या डोंगराचा वरचा भाग दिसेनासा झाला होता. धुकं खाली सरकत होतं, घाई न करता.

"मी आणतो जाऊन," मेकॅनिक म्हणाला.

"बस रे. पाच मिनिटं अजून."

"पाचाची दहा झाली, साहेब."

"फाटा सोडून आले तर आपण जिंकलो. रात्री जेवताना विचारायचंय मला, गेटच्या आत घ्यायचं का म्हणून." तो मेहुण्याकडे वळला. "तुझी हरकत आहे का?"

"माझी कसली हरकत," मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात गाईडने सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. एक खुर्ची रिकामी राहिली.

"भाऊजी कुठेत?"

आपण काय केलंय हे या क्षणी सांगून टाकता आलं असतं. गाईड रागावला असता, नाच लांबला असता, मुखिया नाराज झाला असता. फाटा चढावर होता, पण गाडीने फार दूर नव्हता आणि उजेड होता. मेहुण्याने कंत्राटदाराकडे बघितलं. कंत्राटदार समोरच्या बायकांकडे बघत होता.

"खोलीत पडलेत," मेहुणा म्हणाला. "कंबर धरलीय. उठवू नका म्हणाले."

गाईडने मुखियाला खूण केली. नाच सुरू झाला. तो बराच वेळ चालला.

संपल्यावर मेकॅनिक सरळ गाडीकडे गेला. गाईडला तेव्हा त्याच्याकडून कळलं. त्याने कोणाला शिवी दिली नाही; वस्तीतले दोघे बरोबर घेतले आणि निघाला. वर धुक्यात गाडीचा दिवा चार हातांवर विरत होता. फाट्यावर भाऊजींची मोटरसायकल होती तशीच उभी होती. किल्ली काढलेली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. हाका मारल्या, हॉर्न वाजवले. उत्तर आलं नाही. डावीकडच्या रस्त्यावर बुटांची पावलं नव्हती. उजवीकडे खडक होता, त्यावर पावलं उमटत नाहीत. मधल्या उतारावर गवत होतं आणि त्याखाली दरी.

ते परतले तेव्हा पाहुणेघरातला फोन वाजत होता. बहीण होती.

"पोचलात का रे? गोळी घेतली का त्यांनी?"

"घेतली," मेहुणा म्हणाला. "झोपलेत."

"इतक्या लवकर?"

"दमलेत गं. सकाळी बोलशील."

सकाळी पोलीस आले, तेव्हा वस्तीतली एक म्हातारी स्वतःहून पुढे आली. काल शेळ्या घेऊन उतरताना तिने त्या माणसाला पाहिलं होतं. धुकं तोवर फाट्यावर आलं होतं. तो कुडकुडत होता. तिने त्याला हाताने खुणावलं, चल, घरी चल. तिची भाषा त्याला येत नव्हती. तिला रस्ता विचारायचाय असं समजून त्याने हात लांब केला आणि डावीकडे दाखवलं. तिने पुन्हा खुणावलं. त्याने पुन्हा दाखवलं, आणि नमस्कार केला.

"मग ओढून का नाही आणलंस?" हवालदाराने विचारलं. गाईडने तिच्या भाषेत सांगितलं.

ती जे बोलली ते गाईडने लगेच सांगितलं नाही. हवालदाराने पुन्हा विचारल्यावर म्हणाला, "आम्हीच बजावलंय त्यांना. वस्तीबाहेर पाहुण्यांना हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही. तक्रारी येतात."

दुपारपर्यंत दरीचा वरचा टप्पा शोधून झाला. एक हातमोजा सापडला. तो भाऊजींचाच आहे असं मेहुणा म्हणाला. डॉक्टर म्हणाला, असे सगळ्यांनाच दिले होते. खिंडीपलीकडच्या एका गुराख्याने पहाटे चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला माणूस वस्तीच्या उलट्या दिशेने चालताना पाहिल्याचं सांगितलं. नंतर त्याने तो सहलीतला माणूस होता की रस्त्याच्या कामाचा मजूर, हे नक्की सांगता येत नाही, असं म्हटलं.

मेकॅनिकने जबाबात सगळं सांगितलं, टपरीवरच्या बाकापासून. कंत्राटदाराने आपल्या जबाबात लिहून दिलं की मेकॅनिकनेच ओढ्याची वाट सुचवली आणि नियमांची जबाबदारी कंपनीच्या माणसावर असते. डॉक्टरने वकिलाशी बोलल्याशिवाय सही करणार नाही असं कळवलं. मेहुण्याचा जबाब अजून झालेला नाही.

बहीण दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने चौकीवर पोचली. तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की भाऊजी धुक्यात मागे राहिले. तिने पिशवीतून लोकरीची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि हवालदाराला विचारलं, "ते मागे राहिले तेव्हा माझा भाऊ कुठे होता?"

हवालदार म्हणाला, "त्यांनाच विचारा. बाहेर आहेत."

खालच्या टप्प्यात दोर लावून उतरणारी तुकडी घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबली आहे. धुकं उठल्यावर ती उतरेल. साडेदहापर्यंत ते उठलेलं नव्हतं. बहीण आतल्या बाकावर बसून आहे. मेहुणा आवारात, गाडीला टेकून उभा आहे. तिने दोनदा निरोप पाठवला. तो आत गेलेला नाही.