कोपराने कलणारं भांडं

“हा दुधाचा जग झाला, सूनबाई.” सासऱ्यांनी भांडं डाव्या हाताने फिरवून पाहिलं. “चोच चालत नाही. काठ सरळ हवा. एवढंही विसरलीस?”

तिने जीभ चावली. चाकावर जग आणि किटल्या करण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. ओतायचं भांडं म्हटलं की अंगठा आपसूक काठाला चोच काढायचा.

“दुसरं करते, बाबा.”

“कशाला जीव काढतेस? पावाशिवाय भागतं माझं.”

ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणात पाव मोडण्याआधी सरळ काठाच्या भांड्याने दोन्ही हातांवर पाणी घ्यायचं. पक्षाघातानंतर सासऱ्यांच्या उजव्या हाताचं कोपर तेवढं हलायचं. डाव्याने उजव्यावर पाणी घालता येई. डाव्यावर कोण घालणार? सासूबाई घालायच्या. त्या गेल्यावर सासऱ्यांनी दुसऱ्या कुणाला ते करू दिलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ते खोलीतच बसत, आणि पाव मोडताना तिचा नवरा टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळत असे.

नवं भांडं भट्टीतून निघालं ते पांढरं, बिननक्षीचं. बूड गोल आणि जड, खाली मातीचीच वेगळी बैठक. एका बाजूला कानाऐवजी पानासारखी रुंद, चपटी पट्टी, तिला ती पानच म्हणे; त्यावर दाब दिला की भांडं कलायचं, सोडला की उभं राहायचं.

“वहिनी, देवाच्या कामाचं भांडं आणि एक अक्षर नाही, वेल नाही?” नणंद म्हणाली. “दवाखान्यातलं वाटतंय.”

“नक्षी कोपराला टोचते, ताई.”

“आणि कललंच नाही तर? आधीच मानी माणूस. पुन्हा दार उघडायचे नाहीत.”

“कलेल,” ती हळूच म्हणाली. स्वतःची मूठ फडक्यात बांधून कोपराने ते कलवताना तिने कारखान्यात दोन साड्या भिजवल्या होत्या.

शुक्रवारी दिवे लावून तिने भांडं मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं. सासऱ्यांना हाक मारली नाही. मारली असती तर आले नसते.

ते आले. नळाखाली भांडं भरलं, बैठकीवर ठेवलं. डाव्या हाताने पान दाबून उजव्यावर पाणी घेतलं. मग डावा हात काठाखाली धरून पानावर कोपर रेटलं. पाणी सदऱ्यावर सांडलं. नवरा पुढे झाला; तिने त्याची बाही धरली.

सासऱ्यांनी कोपर पुन्हा टेकवलं, या वेळी सावकाश. रुंद काठावरून पाणी सबंध हातावर आलं. भांडं डुललं आणि उभं राहिलं. त्यांनी पुटपुटत प्रार्थना म्हटली.

त्यानंतर पाव तोंडात जाईपर्यंत कुणी बोलायचं नसतं. नणंदेने उघडलेलं तोंड मिटलं. सासरे टोकाच्या खुर्चीवर बसले. तिच्या नवऱ्याने पाव त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पावावरची प्रार्थना म्हटली, तो कोपराने दाबून धरला आणि डाव्या हाताने वेडावाकडा तोडला, मिठाला लावला, चावला.

“गार लागतं कोपराला,” ते म्हणाले.

“लागणारच, बाबा.”

त्यांची बाही टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर टपकत होती. ओल पसरत गेली. पुसायला कुणी उठलं नाही.