डोळे उघडे ठेवून

उस्ताद तीस वर्षं पियानोचे सूर लावत आले होते आणि त्यांची एकच खोड होती: कान लावला की डोळे मिटायचे. आज संध्याकाळी सभागृहात कार्यक्रम, त्याआधी तिथला पियानो सुरात लावायचा. आजारपणानंतरचं हे पहिलंच काम. जमलं तर धंदा टिकला, नाहीतर अवजारांची पेटी कायमची माळ्यावर.

चार महिन्यांपूर्वी पाय जमिनीवर पडतोय की हवेत, हेच त्यांना कळेनासं झालं. घास तोंड सोडून हनुवटीला भेटायचा. डॉक्टरीणबाईंनी पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितलं, तर स्वारी थेट त्यांच्याच अंगावर!

"ताकद शाबूत आहे हो," त्या म्हणाल्या. "पण रोगांशी लढणारे शरीराचे पहारेकरी बिथरलेत, घरच्याच नसांवर तुटून पडलेत. हात कुठे आहे ही बातमी मेंदूला पोचत नाही. तोवर डोळे सांभाळून घेतात."

औषधांनी पहारेकरी निवले. बातमी येऊ लागली, पण अडखळत.

आता सभागृहात मुलीने पियानोचं झाकण उघडून धरलं. उस्तादांनी तार ताणायची चावी खुंटीवर बसवली, पट्टी दाबली, कान लावला, आणि हात भरकटून चावी खाडकन लाकडावर! पुन्हा तेच. दाराशी सभागृहाचे व्यवस्थापक खाकरले. "दुसऱ्या कुणाला फोन करू का?"

"जरा दम धरा की, गाडी सुटतेय का तुमची?" मुलगी फणकारली. मग एकदम ओरडली, "बाबा! चावी बसवताना हात नीट असतो. डोळे मिटलेत की सटकतो!"

"मिटल्याशिवाय ऐकू येत नाही मला."

"मग कान कशाला दिलेत देवाने? चष्मा अडकवायला?"

उस्ताद खो खो हसले. मनगटावर अशी नजर रोवली, जशी आई चालायला लागलेल्या बाळावर ठेवते. पट्टी दाबली. त्या एकाच पट्टीच्या दोन तारा भांडत होत्या, वँव वँव वँव... चावी केसभर सरकली. वँव... वँव... आणि भांडण मिटलं! दोन तारांचा एकच सूर सभागृहभर पसरला.

"लागला! अगं, लागला!" त्यांचे उघडे डोळे वाहू लागले. "देवा, हातांच्या जोडीला डोळेही दिले होतेस की रे!"

व्यवस्थापकांनी फोन गुपचूप खिशात टाकला.

"रडू नका बाबा," मुलगी नाक पुसत म्हणाली, "दिसायचं नाही. अजून दोनशे तारा आहेत."