नास्तिकाची वीस मिनिटं

विश्वकोशाच्या कचेरीत देवाच्या नोंदी लिहायला घेतल्या आणि संपादकांची शोभा झाली. अज्ञेयवादी म्हणजे कुंपणावर बसलेला माणूस, असं त्यांनी ऐटीत लिहिलं होतं. उपसंपादकाने सगळ्यांदेखत त्यावर काट मारली. या उपसंपादकाला सगळे खोडरबर म्हणत.

"साहेब, कुंपणावर बसणारा वेगळा," तो म्हणाला. "देव आहे की नाही हे माणसाला कळणंच शक्य नाही, असं म्हणतो तो अज्ञेयवादी. देवाने जग केलं आणि अंग काढून घेतलं, आता तो कशात पडत नाही, असं मानतो तो डीइस्ट. आणि देव नाहीच म्हणतो तो नास्तिक. म्हणजे मी."

टायपिस्टबाई फिसकन हसल्या. ते हसू संपादकांच्या जिव्हारी लागलं.

महिन्याभराने खोडरबरच्या मुलाला ट्रकने उडवलं. बायको मागेच गेलेली, एकट्याने वाढवलेला बावीस वर्षांचा मुलगा. इस्पितळ चार गल्ल्या पलीकडे, पण आत सोडत नव्हते, दारातही थांबू देत नव्हते. शुद्धीवर आला तर कळवू म्हणाले. फोन फक्त संपादकांच्या केबिनमध्ये, म्हणून बिचारा कचेरीत येऊन बसला.

दुपारी फोन वाजला. नर्स म्हणाली, "शुद्धीवर आलाय. सारखा बाबांना बोलावतोय. लगेच पाठवा, फार वेळ नाही."

खोडरबर दारात येऊन उभा राहिला होता.

"छापखान्याचा फोन होता," संपादक म्हणाले. मग आवाजात साखर घोळली. "मी काय म्हणतो, एकदा हात जोडून तर बघा. इथे कोण बघतंय?"

खोडरबर जागेवर जाऊन बसला. संपादक काचेतून बघत राहिले. पाचच मिनिटं, त्यांनी ठरवलं. पाचाची दहा झाली. आता उठलं तर ही दहा फुकट जाणार, असं या भल्या माणसाला वाटलं. ते बसून राहिले.

विसाव्या मिनिटाला खोडरबरने डोळे मिटले आणि हात जोडले. संपादकांना गुदगुल्या झाल्या. ते बाहेर आले. "अहो, मीच इस्पितळात फोन लावला. आत्ताच शुद्धीवर आलाय, तुम्हाला बोलावतोय."

खोडरबर धावत सुटला. पोचला तेव्हा मुलाच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

पंधरा दिवसांनी कामावर आला तो थेट केबिनमध्ये.

"साहेब, नास्तिकाची नोंद दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी हात जोडले आणि त्याच क्षणी पोरगं शुद्धीवर आलं. म्हणजे ऐकणारा होता. मीच मागायला उशीर केला. माझा ताठा नडला, साहेब. सकाळीच हात जोडले असते तर त्याला बाप भेटला असता."

खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं.

"असेल," ते म्हणाले.

खोडरबरने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुमचे फार उपकार झाले. तुम्ही फोन लावलात, म्हणून निदान धावता तरी आलं."