आत्याचं अक्षर

हस्ताक्षरतज्ज्ञ बाईंनी न्यायालयातल्या त्या लहानशा खोलीत टेबलावर दोन ढीग केले. एकीकडे आत्याचं मृत्युपत्र, वहीचं एकच पान. दुसरीकडे एवारिस्तोने आणलेली पत्रं. तो दक्षिणेत तेलविहिरींवर असताना आत्याने पाठवलेली.

"पत्रं त्यांची असतील, तर मृत्युपत्र त्यांचं नाही," बाई म्हणाल्या.

"ऐकलंस नेली?" एवारिस्तो बहिणीकडे वळला. "खोटंच करायचं तर जरा बरं तरी करायचंस! आत्याचं अक्षर मोत्यासारखं, आणि हे बघ, कोंबडी नाचल्यासारखं."

नेलिदा त्या पानाकडे बघत होती. त्यात गोया गावातलं घर तिच्या नावावर केलं होतं; मृत्युपत्र रद्द झालं, तर ते दोघा भावंडांत वाटलं जाणार, म्हणजे विकलंच जाणार. आईबापांमागे आत्याने दोघांना तिथेच वाढवलं होतं. शेवटची नऊ वर्षं आत्याचं दुखणं नेलिदाने एकटीने काढलं. हे सगळं तिला दुसऱ्या कुणाची हकीगत असावी तसं आठवत होतं. दफनापासून तिला काही जाणवतच नव्हतं.

"पत्रं मी लिहायचे," ती म्हणाली.

"काय?"

"आत्याला लिहिता येत नव्हतं. सत्तरीनंतर मी शिकवलं. तुला सांगू नको म्हणाली, लाज वाटायची तिला."

"थापा! आपल्या शाळेच्या वह्या बघायची ती."

"बघायची. वाचायची वेळ आली की चष्मा हरवायचा."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. नेलिदाने लिहिलं: बाळा, मोजे घालत जा, लिंबाला यंदा बहर दांडगा आहे. बाईंनी तो कागद एका पत्राशेजारी ठेवला. भिंगाची गरज पडली नाही.

"मजकूर तरी तिचा ना?" एवारिस्तोने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं.

"ती एवढंच म्हणायची, सगळं बरं आहे म्हणून कळव."

एवारिस्तोने मृत्युपत्र ओढून घेतलं. आजवर त्याने घरापुरतंच वाचलं होतं. तळाशी वाकडीतिकडी ओळ होती: एवारिस्तोला माझी खुर्ची. तो फार दमतो.

त्याने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

"हे तिने लिहिलं?"

"तेवढ्याला एक अख्खी सकाळ लागली."

"तिचंच आहे," तो बाईंना म्हणाला. "घ्या लिहून." आणि टोपी उचलून निघून गेला.

बाईंनी दाखवली तिथे नेलिदाने सही केली. घर राहिलं होतं. आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून ती बसून राहिली, शिपाई खिडक्या लावायला आला तोवर.