एका गोळीत दोन नारळ

आमच्या वाडीत दसऱ्याला सोनं लुटण्याआधी शिवेवरच्या जांभळीला एक नारळ टांगतात आणि चाळीस पावलांवरून गोळीनं फोडतात. नारळ फुटला की मगच आपट्याच्या पानाला हात लावायचा. हा मान आमच्या घराचा. गोळी एकच. चुकली तर पुढच्या वर्षापासून मान दुसऱ्या घरात जातो. नेसरीपासून चार मैलांवरची ही वाडी, आणि एवढा मान सोडला तर आमच्या घराला दुसरं नाव नाही. माझ्या थापा आहेत, पण त्या कोण धरतो.

आजवर मान राखला तो वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीनं. तिचा बार निघाला की पलीकडच्या गावातल्या कोंबड्या उद्याचं अंडं आजच घालून मोकळ्या होत. दोन हजार एक साली तिची नळी तडकली. कोल्हापूरच्या आकाराम लोहारानं नवी बंदूक करून दिली आणि ती परवान्यावर चढून घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात घरात आली.

नव्या बंदुकीचा नेम बसवून घ्यावा लागतो. दारू रोज तेवढीच, गोळीभोवतीची चिंधी त्याच कापडाची. तीन बार काढायचे. तिन्ही गोळ्या एका अंगाला गेल्या, तर नळीच्या टोकावरचा बारका मणी, त्याला आम्ही माशी म्हणतो, तो हातोडीनं त्याच अंगाला केसभर सरकवायचा. दारू मोजायचं आणि चिंध्या फाडायचं काम तीस वर्षं माझी बायको तानूबाई करते.

पहिल्या दिवशी मी जांभळीला नारळ टांगला, नेम धरला, आणि मला दोन नारळ दिसले.

डावा डोळा मिटला, तरी दोन. मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर संध्याकाळच्या आत मान शेजारच्या गुंडूच्या ओसरीवर जाऊन बसला असता. मी विचार केला, दोनातला एक खरा असणारच. उजवा काळसर होता, डावा फिका. नारळ फिकाच असतो. म्हणून मी डाव्यावर बार काढले. तिन्ही गोळ्या खऱ्या नारळाच्या डाव्या अंगाला गेल्या.

मी माशी डावीकडं ठोकली. दुसऱ्या दिवशी आणखी ठोकली. गुंडू रोज बांधावर येऊन बसायचा.

"दादा, औंदा नारळ हातानंच फोडणार काय?"

"तुझ्या टाळक्यावर फोडतो, ये."

चौथ्या दिवशी माशी पार कडेला गेली आणि नारळ फुटला. लगेच दुसरा टांगला, तोही फुटला. गुंडू उठून गेला. मी तानूबाईला म्हटलं, "बघितलंस? बंदुकीला वळण लावलं."

ती म्हणाली, "व्हय की. चहा तेवढा बशीत वता आता, सकाळी मांडीवर वतलासा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आकाराम उतरला. सहज आलो म्हणाला. मी मोठ्या तोऱ्यात बंदूक पुढं केली. त्यानं माशीकडं बघितलं आणि घरात मयत झाल्यासारखा बसला.

"ही कुणी सरकवली?"

"मी. नेम बसलाय आता."

त्यानं बंदूक ठासून घेतली, नेम धरला आणि बार काढला. गोळी नारळाच्या उजवीकडं हातभर जाऊन वारुळात घुसली. मग त्यानं पोत्यावर बंदूक टेकवून मला बसवलं.

"नारळ किती दिसत्यात?"

"एकच की."

"कुठला?"

"डावा," मी म्हणून गेलो.

आकाराम हसला नाही. तेवढ्यासाठी त्याचे पाय धरावेत. एवढंच म्हणाला, "दादा, खोट्या नारळावर नेम धरून खरा फोडायला लागलाय तुमी. तुमास्नी ते जमतंय, पर माझी बंदूक लबाड व्हायची न्हाय." त्यानं पिशवीतली हातोडी काढली आणि माशी जागच्या जागी आणून ठेवली. माझ्या चार दिवसांच्या मेहनतीला त्याला चार ठोके लागले.

त्याच दुपारी त्यानं मला कोल्हापूरला नेलं. राजारामपुरीत डॉक्टर संघप्रिया म्हणून उचगावची पोरगी डोळे तपासायची. तिनं उजव्या डोळ्यात बॅटरी मारली आणि मोतीबिंदू आहे म्हणाली. मग बारीक भोक असलेला एक काळा पत्रा माझ्या डोळ्यासमोर धरला. भिंतीवरची अक्षरं जोडीजोडीनं नाचत होती, ती एकेकटी उभी राहिली.

"बाई, हे भोक मला दसऱ्यापर्यंत द्या."

तिनं नारळाची सगळी हकीकत ऐकून घेतली. "दसरा होऊ दे, आजोबा. पण दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन, थाप चालणार नाही. आणि खोबरं पाठवा. पूजेचं नको, खायचं म्हणून पाठवा."

आकारामनं रात्र घालवली नाही. दुकानात जाऊन तसंच भोक पाडलेली पत्र्याची एक चकती बंदुकीला डोळ्याजवळ बसवून दिली.

दसऱ्याला शिवेवर सगळी वाडी जमली. गुंडूनं नवा फेटा बांधला होता, मान घ्यायला यायचं म्हणून. तानूबाईनं दारू मोजली, चिंधी दिली. मी गोळी ठासली. उघड्या डोळ्यानं बघितलं तर दोन नारळ वाऱ्यावर फुगडी घालत होते. भोकातून बघितलं. एक. मी बार काढला आणि पाणी उडालं.

गुंडू पहिल्यांदा पुढं आला, आपट्याचं पान हातात दिलं आणि पाया पडला. "दादा, फेटा वाया गेला," म्हणाला. माणूस वाईट नाही.

सोनं वाटून घरी येताना मी तानूबाईला म्हटलं, "आकाराम काय वेळेवर आला बघ. देवानंच धाडला."

"देवानं न्हवं. नेसरीच्या फोनवरनं मीच धाडला. बंदूक बगायच्या निमतानं या आणि माणूस बगा, म्हटलं."

मी खिशातलं आपट्याचं पान काढून तिच्या हातावर ठेवलं, आणि आमच्या लग्नात असं आजवर फारदा झालेलं नाही.

त्या नारळाची एक वाटी आकारामकडं गेली. दुसरीच्या वड्या करून तानूबाईनं ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरबाईला नेल्या. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती तानूबाई, एकच, आणि तेवढी पुरे होती. पत्र्याची चकती तिच्या हळदीकुंकवाच्या करंड्यात आहे. मागितली तरी देत नाही.

पावणे आले की मी सांगतो, त्या दसऱ्याला मी एका गोळीत दोन नारळ उडवले. कुणी हसलं की डॉक्टरबाईचा कागद काढून दाखवतो. त्यावर लिहिलंय, एकाचे दोन दिसतात. माझ्या सगळ्या गोष्टींत सही-शिक्क्याची तेवढी एकच.